वर्डप्रेस अपडेट: आधी परतीची वाट, मग बटण

रविवारी सकाळी सुदामा नगरात मावशीकडे गेलो होतो. पोह्यांवर शेव आणि जिरावण, शेजारी जिलेबी, आणि बशी अर्धी व्हायच्या आत समोर तिचा लॅपटॉप. मावशीचा पाककृतींचा ब्लॉग २००६ पासून चालू आहे, वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर. भुट्ट्याच्या किसापासून पुरणपोळीपर्यंत सगळं त्यात आहे. डॅशबोर्डच्या (साइट सांभाळायच्या आतल्या पानाच्या) डाव्या पट्टीत 'अपडेट्स'पुढे लाल गोळ्यात आकडा होता: १७.

"हे लाल काय आहे रे? वाढतच चाललंय."

"शेवटचं अपडेट कधी केलंस मावशी?"

"तूच म्हणाला होतास ना, मला विचारल्याशिवाय काही दाबू नकोस म्हणून. मी नाही दाबलं."

हे मी दोन वर्षांपूर्वी म्हणालो होतो. मी विसरलो, तिने पाळलं.

इंदुरातल्या चार-पाच मराठी साइटी मी फावल्या वेळात बघतो आणि सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच गोष्ट आहे. कधीतरी बटण दाबल्यावर काहीतरी मोडलं, तेव्हापासून कोणी हात लावत नाही. मग साठत जातं, आणि साठलेलं एकदम करायला गेलं की पुन्हा मोडतं. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायऱ्या बटण दाबण्याच्या आधीच्या आहेत. (तुमचा ब्लॉग गुगलच्या ब्लॉगरवर असेल तर अपडेटची काळजी गुगल करतं. तुम्ही फक्त अधूनमधून मजकुराची प्रत उतरवून घ्या आणि बाकीचा लेख सोडून द्या.)

न करून चालत नाही का?

दिसायला चालतं, साइट वर्षानुवर्षं उघडत राहते. पण २६ जानेवारी २०१७ ला वर्डप्रेसची ४.७.२ ही आवृत्ती आली, ते उदाहरण बघा. आधीच्या ४.७ आणि ४.७.१ मध्ये असं भोक होतं की पासवर्ड नसलेला माणूससुद्धा बाहेरून तुमच्या लेखाचा मजकूर बदलू शकत होता. लोकांना अपडेट करायला अवधी मिळावा म्हणून वर्डप्रेसवाल्यांनी भोकाचा तपशील १ फेब्रुवारीपर्यंत जाहीर केला नाही. तो जाहीर झाल्यावर ज्यांनी अपडेट केलं नव्हतं त्यांच्या साइटींवर भलत्याच लोकांचे संदेश झळकायला लागले. अशा हल्ल्यात कोणी तुमचा ब्लॉग निवडून काढत नाही. यंत्र ओळीने दारं ढकलत जातं आणि उघडं सापडेल तिथे शिरतं. "माझ्या पाककृती कोण चोरणार" हा मावशीचा मुद्दा त्या यंत्राला कळत नाही.

बटण दाबल्यावर आत काय होतं

अपडेट तीन प्रकारचं असतं: मूळ वर्डप्रेसचं, प्लगिनचं (वरून जोडलेल्या जादा सोयी) आणि थीमचं (साइटचं रूप). मूळ वर्डप्रेसच्या आकड्यांत ६.४ वरून ६.५ ही मोठी उडी, तर ६.४.१ वरून ६.४.२ ही डागडुजी. ५.९ नंतर ६.० येतं त्यात विशेष काही नसतं, आकडा फक्त पुढे सरकतो. डागडुजीच्या आवृत्त्या ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ पासून आपोआप बसतात. त्याआधी सगळं हातानेच होतं, आणि डिसेंबर २००८ मध्ये २.७ येईपर्यंत तर मूळ वर्डप्रेसला बटणही नव्हतं. फायली उतरवा, जुन्या पुसा, नव्या चढवा, असा खेळ होता.

आजही बटणामागे तेच घडतं. 'डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन' आणि 'डब्ल्यूपी-इन्क्लुड्स' ही दोन फोल्डरं नव्या फायलींनी बदलली जातात. 'डब्ल्यूपी-कॉन्टेन्ट' फोल्डर (तुमची चित्रं, थीम आणि प्लगिन) आणि 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' ही फाइल (डेटाबेसचा पासवर्ड वगैरे) जागेवर राहते. लेख आणि प्रतिक्रिया फायलींत नसतातच, त्या डेटाबेसमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या मजकुराच्या कोठारात असतात. पण मोठ्या उडीत डेटाबेसची रचनाही बदलू शकते, आणि ती बदलल्यावर नुसत्या जुन्या फायली परत ठेवून मागे जाता येत नाही. मागे जायचं तर फायली आणि डेटाबेस दोन्ही एकाच वेळचे लागतात.

पायरी १: किल्ल्या कोणाकडे आहेत ते बघा

डोमेनचं (साइटच्या पत्त्याचं) लॉगिन, होस्टिंगचं (साइट ज्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे त्याचं) लॉगिन, वर्डप्रेसच्या अ‍ॅडमिनचं लॉगिन, आणि 'सेटिंग्ज → जनरल'मध्ये लिहिलेला अ‍ॅडमिनचा ईमेल. हे चारही आज, आत्ता उघडून बघा. चौथ्याकडे कोणी लक्ष देत नाही. साइट कोसळली तर दुरुस्तीची लिंक याच पत्त्यावर जाते. एका मंडळाच्या साइटवर हा पत्ता त्या मुलाचा होता, ज्याने साइट केली आणि नंतर नोकरीसाठी बंगळुरूला गेला. दुरुस्तीच्या लिंका सहा महिने त्याच्या स्पॅममध्ये पडत होत्या.

पायरी २: बॅकअप घ्या आणि उघडून बघा

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. 'टूल्स → एक्स्पोर्ट' करून एक फाइल उतरते आणि लोकांना वाटतं, झाला बॅकअप. त्या फायलीत लेख, पानं आणि प्रतिक्रिया असतात. चित्रं नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. थीम, प्लगिन आणि बहुतेक सेटिंग्जही नसतात. नसण्यापेक्षा बरी, एवढंच.

खरा बॅकअप म्हणजे तीन गोष्टी: डेटाबेस, 'डब्ल्यूपी-कॉन्टेन्ट' फोल्डर आणि 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइल. होस्टिंगच्या पॅनलमध्ये 'पीएचपीमायअ‍ॅडमिन' असतं, त्यात आपला डेटाबेस निवडून 'एक्स्पोर्ट' केलं की एक फाइल मिळते. फोल्डर आणि कॉन्फिग फाइल 'फाइल मॅनेजर'मधून झिप करून उतरवता येतात. हे जड वाटत असेल तर अपड्राफ्टप्लससारखं प्लगिन डेटाबेस आणि फोल्डर हाताळतं आणि थेट गुगल ड्राइव्हवर ठेवतं. कॉन्फिग फाइल मात्र हाताने उतरवून घ्या. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवलात तर सर्व्हरबरोबर तोही जाईल. एक प्रत घरच्या पेन ड्राइव्हवर असू द्या.

आता मराठीवाल्यांसाठी खास. डेटाबेसची फाइल नोटपॅडमध्ये उघडा (झिप असेल तर आधी सोडवा) आणि अलीकडच्या लेखातला एखादा मराठी शब्द शोधा. मावशीच्या फायलीत आम्ही 'कीस' शोधला. शब्द देवनागरीत दिसला तर फाइल चांगली आहे. त्याऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि शेजारी चार पाय फुटलेला गोल, असं ओळीच्या ओळी दिसलं तर तिथेच थांबा, अपडेट करू नका.

हे का होतं ते सांगतो, कारण मी ते स्वतः केलंय. जुन्या काळी मायएसक्यूएल हा डेटाबेस अक्षरांसाठी 'लॅटिन१' ही पद्धत आणि क्रमवारीसाठी स्वीडिश नियम गृहीत धरायचा, कारण तो मुळात स्वीडनमध्ये तयार झाला. मावशीच्या पुरणपोळ्या त्यामुळे कित्येक वर्षं स्वीडिश डब्यात होत्या. डब्यात टाकताना आणि काढताना एकच चूक होत असल्यामुळे पडद्यावर सगळं नीट दिसायचं. २००७ च्या २.२ आवृत्तीपासून वर्डप्रेसच्या नमुना कॉन्फिग फायलीत अक्षरपद्धती सांगणारी एक नवी ओळ आली. २००९ मध्ये मी हाताने अपडेट करताना जुनी कॉन्फिग फाइल फेकून नव्या नमुन्यात पासवर्ड भरला आणि खुशाल चढवला. दुसऱ्या मिनिटाला तीन वर्षांच्या पाककृती चिनी मातीची बरणी फुटावी तशा विखुरल्या. मावशी काही बोलली नाही, फक्त चहा दिला नाही. रात्रभर शोधून शेवटी ती एक ओळ काढली तेव्हा सगळं जसंच्या तसं परत आलं. मजकूर बिघडलाच नव्हता, वाचणाऱ्याचा चष्मा बदलला होता.

म्हणून अपडेट करताना किंवा होस्टिंग बदलताना जुन्या कॉन्फिग फायलीतली अक्षरपद्धतीची ओळ जशी असेल तशीच ठेवा, आणि नसेल तर घालू नका. आणि बिघडलेल्या अक्षरांच्या पानावर जाऊन लेख दुरुस्त करून 'सेव्ह' तर मुळीच करू नका, कारण मग तो कचरा खरोखर डेटाबेसमध्ये लिहिला जातो.

पायरी ३: बॅकअप एकदा दुसरीकडे बसवून बघा

कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक जण गाळतात. न बसवलेला बॅकअप म्हणजे न उघडलेलं लोणचं, आत बुरशी आहे की नाही कोणाला ठाऊक. होस्टिंगमध्ये 'स्टेजिंग' नावाची सोय असेल तर एका बटणात साइटची प्रत तयार होते. नसेल तर आपल्या डोमेनखाली 'चाचणी' अशा नावाचं उपडोमेन करा, नवा रिकामा डेटाबेस घ्या आणि तिथे उतरवा. शोधयंत्रांनी ही प्रत टिपू नये म्हणून 'सेटिंग्ज → रीडिंग'मधली खूण करायला विसरू नका. मग अपडेट आधी या प्रतीवर करा. पहिल्यांदा अख्खी दुपार जाते, नंतर अर्धा तास पुरतो.

पायरी ४: वेळ

आमच्या सराफ्यात दिवसा सोन्याची दुकानं, आणि ती बंद झाली की रात्री त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या. एकाचं आवरल्यावर दुसऱ्याचं सुरू, म्हणून दोघांचं निभतं. साइटचंही असंच, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा हात घाला. फक्त "रात्री कोणी नसतं" हे गृहीत धरू नका. मावशीचे बरेचसे वाचक अमेरिकेत आहेत, आपली मध्यरात्र म्हणजे त्यांची जेवणाची वेळ. ज्या मंडळाची साइट आहे त्यांना मी रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) आठवड्यात आणि गणेशोत्सवाच्या आधीचे पंधरा दिवस हात लावू देत नाही.

आणि नवी मोठी आवृत्ती आली त्याच दिवशी धावायचं कारण नाही. आठ-दहा दिवस थांबा, तोवर बहुधा पहिली डागडुजीही येते. सुरक्षेची आवृत्ती असेल तर मात्र त्याच दिवशी.

पायरी ५: एकेक करून

'सगळे निवडा'ची चौकट दिसते तिकडे बघू नका. १७ अपडेट एकदम केली आणि साइट मोडली तर १७ संशयित. एकेक केलं तर एकच.

माझा क्रम असा: आधी प्लगिन, मग थीम, शेवटी मूळ वर्डप्रेस. जबाबदार प्लगिनवाले नव्या वर्डप्रेसशी जुळणारी आवृत्ती आधीच काढून ठेवतात, म्हणून ते पुढे. काही जण उलट करतात आणि त्यांचंही निभतं. एकेक करणं महत्त्वाचं, क्रमावरून मी भांडणार नाही. प्रत्येक प्लगिननंतर दुसऱ्या टॅबमध्ये साइटचं पहिलं पान ताजं करून बघा.

त्याआधी मोडीत काढा. मावशीच्या १७ मधली ५ प्लगिन बंदच होती, पडद्यावर बर्फ पाडणारं एकसुद्धा. बंद प्लगिनच्या फायली सर्व्हरवर असतातच आणि त्यांतलं भोकही असतं. वापरत नसाल तर नुसतं बंद न ठेवता पुसून टाका. ज्या प्लगिनला दोन-तीन वर्षांत नवी आवृत्ती आलेली नाही त्याला पर्याय शोधा.

पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) आवृत्ती होस्टिंगच्या पॅनलमधून बदलते. तीही कधीतरी बदलावी लागते: ७.४ चा अधिकृत आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, तरी कितीतरी साइटी अजून तिच्यावर आहेत. पण ते काम दुसऱ्या दिवशी. वर्डप्रेस आणि पीएचपी एकाच संध्याकाळी बदलणारा माणूस मोडल्यावर कोणाला पकडणार? सध्या कुठली आवृत्ती आहे ते 'टूल्स → साइट हेल्थ'मध्ये दिसतं.

थीममध्ये हात घातला असेल तर

थीम अपडेट झाली की तिचं फोल्डर नवं येतं आणि तुम्ही त्यात केलेले बदल पुसले जातात. त्या मंडळाच्या साइटवर तळाला देणगीसाठीचा मजकूर मी थेट थीमच्या फायलीत लिहिला होता. अपडेटनंतर तो गेला आणि महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नाही, खजिनदार सोडून. असे बदल 'चाइल्ड थीम'मध्ये करावेत. ती वेगळ्या फोल्डरात असते आणि मूळ थीमच्या अपडेटने तिला धक्का लागत नाही. आधीच थेट लिहून बसला असाल तर अपडेटच्या आधी ती फाइल बाजूला काढून ठेवा.

पायरी ६: झाल्यावर काय बघायचं

नुसतं पहिलं पान बघून लॅपटॉप मिटू नका. एक जुना लेख उघडा, जोडाक्षरं बघा, एक चित्र, शोधाच्या चौकटीत एक मराठी शब्द, संपर्काचा फॉर्म स्वतःच भरून ईमेल येतो का ते. मोबाइलवर, लॉगिन न करता. जुनंच दिसत असेल तर कॅशेचं (पानांच्या साठवलेल्या प्रती दाखवणारं) प्लगिन रिकामं करा.

आतले लेख उघडत नसतील आणि पहिलं पान ठीक असेल तर 'सेटिंग्ज → परमालिंक्स'मध्ये जाऊन काहीही न बदलता फक्त 'सेव्ह' करा, बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. लांब मराठी शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटलेला दिसला तर त्यासाठी अपडेटला बोल लावू नका. पत्त्याला २०० जागा असतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह सांकेतिक रूपात ९ जागा खातं. काना-मात्रा धरून जेमतेम २२ चिन्हं मावतात.

मोडलंच तर

"थोड्या वेळासाठी बंद" अशा अर्थाची इंग्रजी ओळ अडकून बसली असेल तर अपडेट मध्येच तुटलं आहे, बहुधा टॅब बंद झाला. वर्डप्रेस काम करताना मुख्य फोल्डरात टिंबाने सुरू होणारी 'मेंटेनन्स' नावाची फाइल ठेवतं आणि काम झाल्यावर काढतं. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फायली दाखवण्याची खूण करा, ती पुसा, अपडेट पुन्हा चालवा.

'क्रिटिकल एरर' असं पान आलं तर अ‍ॅडमिनचा ईमेल बघा. २०१९ च्या ५.२ पासून वर्डप्रेस तिथे एक लिंक पाठवतं. तिने आत शिरून बिघडलेलं प्लगिन बंद करता येतं. ईमेल आला नाही तर 'डब्ल्यूपी-कॉन्टेन्ट'मधल्या 'प्लगिन्स' फोल्डरचं नाव बदला. सगळी प्लगिन एकदम बंद पडतील आणि साइट बहुधा उघडेल. मग लॉगिन करून 'प्लगिन्स'चं पान एकदा उघडा, फोल्डरचं नाव पूर्ववत करा आणि एकेक चालू करत जा. दोषी सापडला की वर्डप्रेस डॉट ऑर्गवर त्याच्या पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड व्ह्यू'च्या तळाशी जुन्या आवृत्त्या मिळतात.

हेही जमलं नाही तर पायरी २ चा बॅकअप, फायली आणि डेटाबेस दोन्ही. मध्यरात्री घाबरून चार वेगवेगळे उपाय एकावर एक करण्यापेक्षा हा कंटाळवाणा रस्ता केव्हाही बरा.

आपोआप अपडेट

२०२० च्या ५.५ पासून प्लगिन आणि थीमलाही आपोआप अपडेटची सोय आहे. जिकडे महिना महिना कोणी फिरकत नाही अशा साइटवर मी सगळंच आपोआप ठेवतो, आणि बॅकअपही आपोआप. रोज कोणीतरी बघणाऱ्या साइटवर छोटी प्लगिन आपोआप, फॉर्म आणि देणगीची हाताने, मोठी उडीही हाताने.

दुसऱ्याला साइट करून देत असाल तर

कमी प्लगिन, चाइल्ड थीम, अ‍ॅडमिनचा ईमेल मालकाचा, आणि एक कागद. "दाबू नकोस" असं सांगून जाऊ नका, मी त्याचा परिणाम बघितलाय. मावशीच्या कागदावर मी मोठ्या अक्षरात सात ओळी लिहिल्या: बॅकअप कुठे बसतो, 'कीस' कसा शोधायचा, एकेक दाबायचं, मध्ये टॅब बंद करायचा नाही, काय काय बघायचं, फोल्डरचं नाव कसं बदलायचं, आणि माझा नंबर. कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, गॅसवाल्याच्या नंबरखाली.

परवा गेलो तेव्हा तळाशी पेन्सिलीने आठवी ओळ होती, तिच्या अक्षरात: "संकष्टीला करू नये. मोदक बघायला फार लोक येतात."